बसतंय म्हणून लावायचं न्हाय

कुणी नवी वस्तू आणली की लोक ती समोरून बघतात. आण्णा पाठीमागून बघायचे. टीव्ही असो, टेपरेकॉर्डर असो, मिक्सर असो, ते आधी मागं जाऊन वायर हातात घ्यायचे, टोकापर्यंत बोटं फिरवत न्यायचे आणि पिना मोजायचे. मग समोर येऊन "बरं हाय" म्हणायचे. त्यापेक्षा जास्त कौतुक त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

बेळगावातल्या एका खाजगी पॉलिटेक्निकमध्ये ते इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबचे इन्स्ट्रक्टर होते. मी तिथं लॅब असिस्टंट म्हणून लागले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. मुलं त्यांना पिनमास्तर म्हणायची, बाकी सगळे आण्णा. पिरनवाडीहून सायकलवरून यायचे. बुशशर्टाच्या खिशात टेस्टर, भिंग आणि एक नखं काढायची कात्री. पायात बारा महिने रबरी चप्पल, लग्नाला जायचं असलं तरी. "चामडं घालून करंटाजवळ जाऊ नये," म्हणायचे. लग्नात करंट कुठला, असं कुणी विचारलं तर गप्प बसायचे, कारण लग्नातही ते करंट शोधून काढत.

एका लग्नाची गोष्ट तर आमच्याकडं सगळ्यांना पाठ होती. आमच्या हेडक्लार्कच्या मुलीचं लग्न. लाउडस्पीकर सारखा गुणगुणत होता. बाकीच्यांना ते ऐकूही येत नव्हतं. आण्णा पंगतीतून उष्ट्या हातानं उठले, हात धुतला आणि स्टेजच्या मागं गेले. तिथं मायक्रोफोनला कुणीतरी भलतीच वायर जोडलेली. त्यांनी ती काढून टाकली आणि दुसरी काही तिथं नव्हतीच. पुढचे सगळे विधी मुक्यानं झाले. नवरीचा बाप हातघाईवर आला. आण्णा शांतपणे म्हणाले, "आवाज नसला तर चालतंय की ओ. चुकीचा आवाज कशाला?"

त्यांचे वडील लोंढ्याला रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. आण्णांचं लहानपण तिथल्या क्वार्टरात गेलं. वर्गात मुलांना जोडणी शिकवताना ते हमखास रेल्वेवर यायचे. "पुण्याला जाताना मिरजेला गाडी का बदलावी लागतीया?" मुलं म्हणत, रूळ वेगळे. "व्हय. पण रुळाचं बरं हाय. अरुंद हाय का रुंद हाय, डोळ्यांना दिसतंय. वायरीचं दिसत न्हाय. ती आत बसतीया, आणि बसली म्हणजे आपलीच वाटतीया." मग फळ्यावर एक वाक्य लिहायचे. दर वर्षी तेच, पहिल्या तासाला: बसतंय म्हणून लावायचं न्हाय. प्राचार्यांनी एकदा त्यांना शुद्ध भाषेत लिहायला सांगितलं होतं. आण्णांनी "नाही" असं दुरुस्त केलं आणि दुसऱ्या दिवशी परत "न्हाय" लिहिलं.

लॅबच्या मागच्या भिंतीला त्यांनी ओळीनं खिळे मारले होते. प्रत्येक खिळ्याला एक वायर, प्रत्येक वायरीला दोऱ्यानं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. 'ही टेपची. रेडिओला लावू नये.' 'ही बरी होती, आता भरवसा नाही.' एकीवर नुसतं लिहिलं होतं, 'दिसते तशी नव्हे.' मुलं त्या चिठ्ठ्या पाठ करून एकमेकांच्या नावानं म्हणत आणि हसत. आण्णांनाही ते माहीत होतं.

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत जायची. आमच्या गल्लीतून डिप्लोमा करून नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. कॉलेजात पहिल्या दिवशी ज्या ज्या टेबलापाशी गेले, तिथं आधी आडनाव विचारलं गेलं आणि मग आवाज जरा बदलला. लॅबमध्ये आण्णा स्टुलावर बसून एका वायरीला सोल्डरचा डाग देत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "डाग द्यायला येतंय काय गं आक्का?"

"येतं, पण हात थरथरतो."

"थरथरू दे. घाई करू नको म्हणजे झालं." सोल्डरिंगची त्यांची स्वतःची कांडी त्यांनी माझ्या हातात दिली. ती ते कुणाला देत नाहीत हे मला नंतर कळलं. आडनाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, पुढंही कधी नाही.

दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. जे काही मला येतं ते त्या दोन वर्षांतलं आहे.

मग कॉम्प्युटर आले. त्या वेळी बेळगावात कॉम्प्युटर म्हणजे नवलच होतं. आमच्या कॉलेजानं दोन घेतले आणि गावभर सांगितलं. उद्घाटनाला एक मोठे पाहुणे ठरले, मांडवाची ऑर्डर गेली. फक्त एक अडचण झाली. दोन कॉम्प्युटरांपैकी एक नुसती अक्षरं दाखवणारा होता. त्याचा हिरवा मॉनिटर आला होता. दुसरा चित्रं काढणारा, त्याचा रंगीत मॉनिटर मुंबईहून यायचा राहिला होता. आणि कंपनीचा माणूस जी फ्लॉपी देऊन गेला होता, तिच्यात समई पेटते असं चित्र होतं. प्राचार्यांना ते चित्र फार आवडलेलं. पाहुण्यांनी बटण दाबायचं आणि पडद्यावर समई पेटायची, असं त्यांनी मनात पक्कं केलं होतं.

ते चित्र अक्षरांच्या कॉम्प्युटरवर येत नव्हतं. चित्रांच्या कॉम्प्युटरला पडदा नव्हता.

"हा हिरवा मॉनिटर तिकडं जोडा," प्राचार्य म्हणाले. "रंग नसेना का. पिना सारख्याच आहेत ना?"

"सारख्याच हैत," आण्णा म्हणाले. "म्हणूनच भ्या हाय."

कॉम्प्युटरबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका त्यांनी शब्दकोश घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचली होती. मला शेजारी बसवून त्यांनी समजावलं. "हे बघ आक्का. ह्याला भोकं नऊ, त्यालाबी नऊ. डोळं झाकून बसतंय. पण चित्राचं कार्ड एका ठेक्यावर पाठवतंय आणि हा हिरवा पडदा दुसऱ्याच ठेक्यासाठी केलेला. त्याला स्वतःचा ठेका धरता येत न्हाय. जे येईल त्याच्यामागं फरफटत जातोय. थोडा वेळ शिट्टी मारल, मग आतलं जळंल." मग म्हणाले, "ध्यानात ठेव. मी नसलो तर तू हैस."

नुसतं नको म्हणून ते थांबले नाहीत. चित्राच्या कॉम्प्युटरला मागं आणखी एक गोल भोक होतं. त्यातून निघणारं चित्र व्हीसीआरमध्ये घालायचं आणि व्हीसीआरमधून साध्या टीव्हीत, असा मार्ग त्यांनी काढला. कॅम्पातल्या एका व्हिडिओवाल्याकडून व्हीसीआर आणला, घरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही रिक्षातून आणला, जोडायची वायर स्वतः डाग देऊन तयार केली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही लावून बघितलं. चित्र आलं, पण बाजेवरून वाळवण घसरावं तसं खाली खाली घसरू लागलं. आण्णा टीव्हीच्या मागं गेले, एक बटण केसाएवढं फिरवलं आणि समई थांबली. काळीपांढरी, जरा तिरकी, पण पेटत होती. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. हसताना त्यांचे दात दिसत हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

व्हीसीआर त्या संध्याकाळी एका लग्नघरी जायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी परत घ्यायचा, असं ठरलं. सकाळी नऊला आण्णा सायकलवरून कॅम्पात गेले. पाहुणे अकराला येणार होते.

पाहुणे दहाला आले. फाटकात गाडीचा हॉर्न वाजला आणि प्राचार्य धावत लॅबमध्ये शिरले. मी एकटीच होते, टेबलावर पांढरा कपडा अंथरत होते.

"आण्णा कुठं?"

"व्हीसीआर आणायला गेल्यात, सर."

"त्यांचं ते खूळ राहू दे. तो हिरवा मॉनिटर इकडं लाव. बेगा, बेगा!" घाई झाली की ते कन्नडवर यायचे.

"सर, आण्णा म्हणालेत की ते लावलं तर जळतं."

"बसतंय की नाही?"

"बसतंय, पण—"

"मग लाव. तुझा प्रोबेशनचा कागद माझ्याच टेबलावर आहे, बाई."

ते ओरडले नाहीत. सहज म्हणाले, वेळ सांगावी तसं. मला आईचा खोकला ऐकू आला. वखारीतली तंबाखूची धूळ तिच्या छातीत बसली होती आणि या वर्षी तिला घरी बसवायचं असं मी तिला कबूल केलं होतं. मी हिरव्या मॉनिटरची वायर काढली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. अगदी अलगद बसली. दोन्ही बाजूंचे स्क्रू मी नीट पिळले. कुणी माझा हात धरून ती लावून घेतली नाही. मीच लावली.

पडद्यावर तिरक्या हिरव्या रेघा आल्या. बारीक, कानात सुई घालावी तशी शिट्टी सुरू झाली. मी बटणाकडं हात नेईपर्यंत मागच्या जाळीतून जळका वास आला आणि पडदा मधोमध एका ठिपक्याएवढा होऊन विझला.

प्राचार्यांनी एक क्षण डोळे मिटले. मग म्हणाले, "होतं तिथं लाव परत. आणि कुणाला काही बोलायचं नाही." मी तेही केलं. शिपायाला त्यांनी मेन स्विच बंद करायला पाठवलं. पाहुणे वर आले, लाईट गेल्याबद्दल सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, नारळ फुटला, फोटो निघाले. समई खरीच आणून पेटवली.

आण्णा आले तेव्हा मांडवात पेढे वाटणं चाललं होतं. व्हीसीआर टॉवेलात गुंडाळून त्यांनी पोटाशी धरला होता, कॅरिअरवर हादरे बसतील म्हणून. सायकल एका हातानं ढकलत कॅम्पापासून चालत आले होते. लॅबमध्ये पाऊल टाकताच थांबले आणि नाकानं वास घेतला. लाईट आल्यावर त्यांनी हिरवा मॉनिटर सुरू केला. तो आपल्या जागी, आपल्या कॉम्प्युटरला, आपल्या वायरीनं जोडलेला होता. पेटला नाही.

"आक्का, तू हितंच होतीस न्हवं? काय झालं?"

"मला काही माहीत नाही, आण्णा," मी म्हणाले. "लाईट गेली होती."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर संशय घेणं त्यांच्या मनातही आलं नाही. ते मॉनिटरच्या मागं गेले आणि खाली बसले.

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. कंपनीचा इंजिनियर आला. प्राचार्यांनी त्याला सांगितलं की उद्घाटनाच्या आदल्या दिवशी इन्स्ट्रक्टरनं परवानगी न घेता घरी बनवलेल्या वायरीनं कॉम्प्युटरला टीव्ही जोडला होता. मग कारण तेच असणार, असं इंजिनियर म्हणाला. त्याला संध्याकाळची गाडी पकडायची होती. माझा जबाब प्राचार्यांनी सांगितला आणि मी लिहिला: उद्घाटनाच्या दिवशी कोणतीही जोडणी झाली नाही. खाली सही केली. पुढच्या महिन्यात मला कायम केलं. आई वखारीतून सुटली.

आण्णांना मेमो मिळाला, इंग्रजीत, अर्ध्या पानाचा. तो ते भिंगातून वाचत होते. अक्षरं बारीक नव्हती. मग त्यांना स्टोअरला बदललं, बाकं आणि खडू मोजायला. लॅबमधली भिंत साफ करायचं काम माझ्याकडं आलं. मी वायरी एकेक करून खिळ्यावरून काढल्या आणि चिठ्ठ्यांसकट पोत्यात भरल्या. पोतं भंगारात गेलं.

ते भांडले असते, अर्ज केले असते, गावभर बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी त्यातलं काही केलं नाही. त्यांना फक्त कारण हवं होतं. चांगला मॉनिटर, बरोबरची वायर, आपल्या जागी असताना जळतो कसा? त्यांच्या सगळ्या आयुष्याच्या हिशेबात हे बसत नव्हतं. रोज मधल्या सुट्टीत ते स्टोअरमधून माझ्याकडं यायचे, वहीच्या पानावर आकृती काढून आणायचे.

"हितनं उलटा दाब गेला असंल काय?"

"नाही वाटत, आण्णा."

"माझं सोल्डर ह्या कोपऱ्यात जरा जास्त झालंय काय बघ. तुझी नजर चांगली हाय."

ती त्यांची वायर असायची, टीव्हीसाठी केलेली. मी भिंग घेऊन बघायची. डाग स्वच्छ, गोल, चमकदार होता. "बरोबर आहे," मी म्हणायची. तेवढंच खरं मी त्यांना सांगू शकत होते. ते वायर खिशात घालून परत जायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच घेऊन यायचे. एका वाक्यात मी त्यांना सोडवू शकले असते. आज सांगू, उद्या सांगू करत मी एक वर्ष घालवलं.

मग त्यांचं येणं थांबलं. पिरनवाडीत लोक रेडिओ, इस्त्री दुरुस्तीला घेऊन त्यांच्या दारात यायचे. त्यांना ते परत पाठवू लागले. "दुसऱ्याला दावा. माझ्या हातात खोट हाय." शिपायानं मला हे सांगितलं तेव्हा तो हसत होता. पुढं एकदा स्टोअरमधला बल्ब गेला. आण्णा दिवसभर अंधारात खडूच्या पेट्या मोजत बसले, पण होल्डरला हात लावला नाही. त्या वर्षाअखेर त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली. निरोप समारंभ झाला नाही.

दोन वर्षांनी आमचे प्राचार्य निवृत्त होऊन मुलाकडं गेले. माझा कागद आता कुणाच्या टेबलावर नव्हता. मग मी धीर केला. हा धीर किती किमतीचा होता ते मला कळत होतं. रविवारी सकाळी पिरनवाडीची बस धरली.

आण्णांच्या बायकोनं, वहिनींनी, दार उघडलं. मी त्यांना पूर्वी एकदाच भेटले होते, तरी त्यांनी मला ओळखलं. "या की गं आक्का, आत या. बघा ओ, कोण आलंय!" आण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली, बुशशर्टाचा खिसा रिकामा. घर जुन्या वस्तूंनी भरलेलं असेल असं मला वाटलं होतं. तिथं एक रेडिओसुद्धा नव्हता.

चहा आला. मी कप हातात धरून सगळं सांगितलं. हॉर्न, प्राचार्य, प्रोबेशन, वायर, स्क्रू, शिट्टी, वास, परत केलेली जोडणी, जबाब. मध्ये थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

आण्णा ऐकत होते. मी गप्प झाल्यावर ते मायेनं हसले, मुलाला ताप असताना हसतात तसं.

"माझ्यासाठी एवढं रचून आलीस व्हय गं?"

"रचलेलं नाही, आण्णा. खरंच मी लावली."

ते उठले, फडताळातून एक जाड वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. पानामागून पान आकृत्या होत्या. शेवटच्या पानावर त्यांनी उत्तर काढलं होतं, खाली दोन रेघा ओढून. त्यांच्या वायरीतून उलटा आलेला दाब आधी एका कार्डात, मग पंख्याच्या प्लगातून दुसऱ्या यंत्रात, असा एक लांबलचक रस्ता. जोडणीची अक्कल असलेल्या कुणीही तो बघून नाही अशी मान हलवली असती. आण्णांनीच मला शिकवलेल्या गोष्टींनी तो चुकीचा ठरत होता.

"बसतंय का बघ सगळं," ते म्हणाले. "लई दिवस लागलं. पण सापडलं. चूक माझीच हुती."

"आण्णा, हे चूक आहे. हा रस्ताच नाही. ऐका माझं. हिरवा मॉनिटर मी चित्राच्या कार्डाला लावला. तुम्ही नको म्हणून सांगितलं होतं, तरी लावला."

त्यांनी वही माझ्याकडून घेतली, हळूच मिटली. चेहऱ्यावर राग नव्हता, शंकाही नव्हती.

"तू लावणार न्हाईस," ते म्हणाले. "तुला मी शिकवलंय."

मी परत तोंड उघडलं, पण ते खिडकीबाहेर बघू लागले होते. मग त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली. आई बरी आहे म्हणून मी सांगितलं.

वहिनी मला पोचवायला फाटकापर्यंत आल्या. मी सांगत होते तेव्हा त्या चहाचा ट्रे हातात धरून दाराशी उभ्या होत्या. फाटकाची कडी घालून त्या आतल्या बाजूला थांबल्या.

"त्यांनी ऐकलं न्हाय," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं. आता परत येऊ नका, बाई."

मी परत गेले नाही.